बी.ए. क्रिमिनॉलॉजी अँड क्रिमिनल जस्टिस: अभ्यास कसा लावायचा आणि ही पदवी कुठे चालते?

मिरजकर_१८ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बारावी कला शाखेतून झाले आणि बी.ए.ला क्रिमिनॉलॉजी अँड क्रिमिनल जस्टिस घेतलं आहे. पहिल्या वर्षाला गुन्हेगारीशास्त्राची ओळख, भारतीय न्याय संहिता आणि पोलीस प्रशासन आहे. पुढे प्रक्रिया कायदा, पुरावा, न्यायवैद्यक, तुरुंग प्रशासन, संशोधन पद्धती असे पेपर येणार आहेत.

अडचण अशी की नोट्स म्हणजे कलमांच्या याद्या. पाठ होतात, पण कशाचा कशाशी संबंध ते कळत नाही. बाजारातली बरीच पुस्तकं अजून आयपीसी-सीआरपीसीचीच (जुनी दंड संहिता आणि जुना प्रक्रिया कायदा) आहेत, मग जुनी कलमं शिकायची की सोडून द्यायची? आकडेवारीची तर भीतीच वाटते. आणि घरी रोज एकच विचारणा: पीएसआय, फॉरेन्सिक लॅब, सरकारी वकील, यातलं या पदवीवर नेमकं काय होता येतं? जाणकारांनी सविस्तर सांगावं ही विनंती.

तपासटिपण

कलमं पाठ करण्याआधी एका गुन्ह्याचा पोलीस ठाण्यापासून निकालापर्यंतचा प्रवास पाठ करा. तीन वर्षांतले जवळपास सगळे पेपर त्याच वाटेवर कुठे ना कुठे बसतात.

मोठा कागद आडवा घ्या आणि डावीकडून उजवीकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतले (सीआरपीसीच्या जागी आलेला प्रक्रिया कायदा) टप्पे मांडा. फिर्याद आली की कलम १७३. हद्द कोणतीही असो, नोंद घ्यावीच लागते, तोच झिरो एफआयआर. ऑनलाइन दिलेल्या खबरीवर तीन दिवसांत सही करावी लागते. गुन्हा अदखलपात्र (मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही असा) असेल तर १७४, म्हणजे ठाण्यातली एनसी. शिक्षा ३ वर्षे किंवा जास्त पण ७ वर्षांपेक्षा कमी असेल, तर डीवायएसपींच्या (पोलीस उपअधीक्षकांच्या) परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. ही तरतूद नवीन आहे आणि परीक्षेत हमखास येते. पुढे तपास १७६, साक्षीदारांचे जबाब १८०, मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब आणि कबुली १८३, झडती १८५, झडती-जप्तीचं चित्रीकरण १०५, अटक ३५, अटकेची कारणं सांगणं ४७, चोवीस तासांची मर्यादा ५८, कोठडी १८७, दोषारोपपत्र १९३, आरोपीला प्रती २३०, सेशन कमिट (खटला सत्र न्यायालयाकडे पाठवणं) २३२, दोषमुक्तीचा अर्ज २५०, आरोप ठेवणं २५१, मग साक्षीपुरावा, आरोपीचा जबाब ३५१ आणि निकाल २५८. प्रत्येक टप्प्याखाली तीनच गोष्टी लिहा: हे कोण करतं, किती दिवसांत आणि केलं नाही तर काय होतं. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण नोट्समध्ये नेमका तोच नसतो.

उदाहरणार्थ १८७. यात बहुतेक विद्यार्थी गोंधळतात. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांचीच आहे, ती वाढलेली नाही. पूर्वी ती पहिल्या १५ दिवसांतच घ्यावी लागे, आता तुकड्यांनी घेता येते. दोषारोपपत्राची मुदत ६० दिवस असेल तर पहिल्या ४० दिवसांत आणि ९० दिवस असेल तर पहिल्या ६० दिवसांत. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना ९० दिवस, बाकीच्यांना ६०. मुदतीत दोषारोपपत्र आलं नाही आणि आरोपी जामीन द्यायला तयार असेल, तर जामीन हा त्याचा हक्क होतो. '६०' हा आकडा इथे दोन वेगळ्या अर्थांनी येतो आणि उत्तरपत्रिकेत त्याचीच सरमिसळ होते.

दुसरी चूक जबाबांची. १८० खाली पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत आणि तो जबाब म्हणजे पुरावा नव्हे. कोर्टात साक्षीदार वेगळं बोलला की विसंगती दाखवण्यापुरता तो वापरतात. पोलिसांपुढची कबुली भारतीय साक्ष अधिनियमाच्या (पुराव्याच्या नव्या कायद्याच्या) कलम २३ ने बाद होते, मात्र आरोपीने सांगितलेल्या माहितीवरून वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. निवेदन पंचनामा (आरोपीने दिलेली माहिती पंचांसमोर नोंदवणं) का करतात, हे यावरून लक्षात येईल.

आणि नागरिक सुरक्षा संहितेची पहिली अनुसूची रोज उघडा. तिच्यात सहा रकाने आहेत: कलम, गुन्हा, शिक्षा, दखलपात्र की नाही, जामीनपात्र की नाही, खटला कोणत्या न्यायालयात. चोरीचं न्याय संहितेतलं ३०३(२) काढून पाहा. एरवी दखलपात्र आणि अजामीनपात्र. पण माल पाच हजारांच्या आतला, आरोपीची पहिलीच वेळ आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. पाच हजारांच्या आतल्या या प्रकाराची नोंद अनुसूचीत अदखलपात्र आणि जामीनपात्र अशी वेगळी आहे. एका ओळीतला फरक, पण ठाणे अंमलदाराचं पुढचं सगळं काम त्याने बदलतं.

कोर्टबोर्ड

वरचा तक्ता करायलाच हवा. जुन्या कलमांबद्दल थोडं.

तिन्ही नवे कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले. न्याय संहितेत ३५८ कलमं, नागरिक सुरक्षा संहितेत ५३१, साक्ष अधिनियमात १७०. गुन्हा त्या तारखेआधी घडला असेल तर शिक्षेचा कायदा आयपीसीच, खटला पुढे कितीही वर्षे चालो. त्या दिवशी प्रलंबित असलेले तपास, खटले आणि अपिलं सीआरपीसीनुसार चालू राहतात, ते नव्या संहितेच्या ५३१ मध्येच लिहिलं आहे. त्यामुळे जुना कायदा सोडून चालणार नाही. सुप्रीम कोर्टाचे जे निवाडे अभ्यासाला आहेत ते जवळपास सगळे जुन्या क्रमांकांत आहेत.

पण पूर्ण जुनी संहिता पाठ करण्याचीही गरज नाही. चाळीस-पन्नास कलमांची जोडयादी पुरते: ३०२ चं १०३, ३०७ चं १०९, ३०४अ चं १०६(१), ३०४ब चं ८०, ३०६ चं १०८, ३७६ चं ६४, ३७९ चं ३०३(२), ४२० चं ३१८(४), ४९८अ चं ८५, ३४ चं ३(५), १४९ चं १९०. नव्याने आलेली वेगळी लिहा: संघटित गुन्हेगारी १११, दहशतवादी कृत्य ११३, हिसकावून चोरी ३०४, जमावाने केलेली हत्या १०३(२). क्रमांक लिहिताना कायद्याचं नाव लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. नुसतं '३०२' लिहिलं तर न्याय संहितेत ते धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांचं कलम आहे, खुनाचं नाही.

पुस्तकी नोट्सपेक्षा निकालपत्रं वाचा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा न्यायालयांचे निकाल मोफत मिळतात. प्रत्येक खटल्याला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर (त्या खटल्याचा ओळख) क्रमांक असतो. सत्र न्यायालयाचा निकाल लागलेला एक खटला निवडा, जमलं तर मराठीतला. सुरुवातीला फिर्यादी पक्षाची हकिकत, मग 'मुद्दे व निष्कर्ष' असा तक्ता, मग एकेका साक्षीदाराचा ऊहापोह. आधी तक्ता झाकून ठेवा, पुरावा वाचून स्वतः निष्कर्ष लिहा आणि मग न्यायाधीशांनी काय लिहिलंय ते पाहा. आरोपी सुटला असेल तर नेमका कोणता दुवा तुटला ते एका वाक्यात मांडा: पंच फितूर झाला, ओळख परेड उशिरा झाली, मुद्देमालाचं सील जुळलं नाही. असे दहा निकाल झाले की पुराव्याचा पेपर अर्धा तयार.

सुप्रीम कोर्टाचे निवाडेही एकेका प्रश्नाला बांधून ठेवा. एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे का? ललिता कुमारी, २०१३. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची का? अर्णेश कुमार, २०१४. परिस्थितिजन्य पुराव्यावर शिक्षा केव्हा होते? शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९८४. त्यातली पाच तत्त्वं 'पंचशील' म्हणून ओळखली जातात आणि ती शब्दशः यायला हवीत. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतंच का? अर्जुन पंडितराव खोतकर, २०२०. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेला हा निवाडा आज देशभर लागतो.

आणि सुट्टीत कोर्टात जाऊन बसा. खटले खुल्या न्यायालयात चालतात. लैंगिक अत्याचार आणि पोक्सोचे (बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याचे) खटले मात्र बंद दाराआड, तिथे थांबू नका. आदल्या दिवशी बोर्ड (त्या दिवशीच्या खटल्यांची यादी) पाहून ज्या खटल्यापुढे 'पुरावा' असा टप्पा आहे ते दालन निवडा, नाहीतर दिवसभर नुसत्या तारखा ऐकाल. फोन बंद ठेवा, ध्वनिमुद्रण अजिबात नको, मागच्या बाकावर वही घेऊन बसा. सरतपास (साक्षीदार बोलावणाऱ्या पक्षाने केलेली विचारणा) कुठे संपला आणि विरुद्ध पक्षाच्या उलटतपासात सूचक प्रश्न कसे आले, एवढंच टिपा.

मिरजकर_१८

खूप आभार. तक्ता आजच करायला घेते. न्यायवैद्यक पेपरला विज्ञान लागेल का? कला शाखेवाल्यांनी तो कसा हाताळावा?

सीलबंद

रसायनशास्त्राची समीकरणं या पेपरला लागत नाहीत. पुरावा गोळा कसा होतो, बिघडतो कसा आणि कोर्टात टिकतो कसा, एवढं पक्कं करा.

केंद्रस्थानी आहे ताब्याची साखळी. घटनास्थळी वस्तू उचलली त्या क्षणापासून ती कोर्टात दाखवेपर्यंत कोणाच्या हातात, किती वाजता आणि कोणत्या सीलखाली होती, याची अखंड नोंद. जप्ती पंचनामा, पंचांच्या सह्यांचं लेबल, लाखेचं सील, मुद्देमाल रजिस्टरमधली नोंद, लॅबला पाठवतानाचं पत्र, नेणाऱ्या अंमलदाराचं नाव, लॅबची पोच आणि शेवटी सीए रिपोर्ट (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल). हे आठ कागद एकमेकांशी जुळवून पाहायचे. पंचनाम्यात 'दोन पुड्या' आणि लॅबच्या पोचेत 'तीन पाकिटे' असा फरक आला की बचाव पक्षाचं अर्धं काम झालं. सीलचा नमुना लॅबला पाठवलाच नाही, किंवा वस्तू चार दिवस ठाण्यात कुठे होती याची नोंदच नाही, हेही नेहमीचं.

पॅकिंगची कारणं समजून घेतली की पाठ करावं लागत नाही. रक्ताने भिजलेला कपडा प्लॅस्टिकमध्ये कोंडला तर ओलाव्याने बुरशी-जिवाणू वाढतात आणि डीएनए खराब होतो. म्हणून सावलीत वाळवून कागदी पिशवीत, प्रत्येक कपडा वेगळा. उन्हात वाळवायचा नाही. आगीच्या घटनेतली राख किंवा पेट्रोलचा संशय असलेली माती मात्र कागदात नको. वाफ उडून जाते, त्यासाठी हवाबंद डबा. डीएनएसाठीचं रक्त ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेल्या नळीत, अल्कोहोल तपासणीचं रक्त सोडियम फ्लोराइड घातलेल्या बाटलीत, कारण फ्लोराइड नसेल तर जिवाणूंमुळे अल्कोहोलचं प्रमाण बदलू शकतं. विषबाधेच्या संशयात व्हिसेरा (शवविच्छेदनात काढलेले आतले अवयव) साधारणपणे मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. फॉर्मॅलिन सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला चालतं, पण विष शोधायला अडथळा करतं. दोन बरण्या, दोन कामं.

इलेक्ट्रॉनिक पुरावा याच पेपरला जोडून करा. जप्त मोबाइल चालू असेल तर आधी नेटवर्क तोडायचं, एअरप्लेन मोड किंवा सिग्नल अडवणारी पिशवी. नाहीतर दूरवरून डेटा पुसला जाऊ शकतो. फोन उघडून गॅलरी चाळत बसणं सगळ्यात वाईट, कारण त्याने फाइलींच्या वेळा बदलतात. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचं घड्याळ आणि खरी वेळ यातला फरक पंचनाम्यात लिहायचा. तो लिहिला नाही तर आरोपी सात मिनिटं आधीच तिथून गेला असं चित्र तयार होतं. जुनं चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं, त्यामुळे जप्तीला उशीर म्हणजे पुरावा गेला. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्राला आता दोन भाग आहेत: भाग अ सादर करणाऱ्याचा, भाग ब तज्ज्ञाचा. त्यात हॅश व्हॅल्यू आणि ती कोणत्या पद्धतीने काढली ते लिहावं लागतं. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची अक्षरमाला. फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी ती पार वेगळी येते.

नागरिक सुरक्षा संहितेच्या १७६(३) नुसार सात वर्षे किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाची घटनास्थळ भेट बंधनकारक केली आहे, मात्र राज्यांना ती टप्प्याटप्प्याने लागू करायला पाच वर्षांची मुदत दिली आहे. उत्तरात दोन्ही भाग लिहा. अर्धंच लिहिणारे खूप असतात.

दरलाखी

आकडेवारीला घाबरण्यासारखं काही नाही, चौथीच्या गणिताएवढी आहे. कठीण आहे ते आकड्याचा अर्थ लावणं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'क्राइम इन इंडिया' अहवालातला गुन्हेदर म्हणजे दर लाख लोकसंख्येमागे नोंदवलेले गुन्हे. एका जिल्ह्यात १२ लाख लोक आणि १,२०० गुन्हे असतील तर दर १००. दुसऱ्यात ४० लाख लोक आणि २,००० गुन्हे तर दर ५०. बातमीत दुसरा जिल्हा 'पुढे' दिसतो, दर मात्र पहिल्याचा दुप्पट. दोषसिद्धीचं प्रमाण काढताना भाजक असतो त्या वर्षी खटला पूर्ण झालेल्या प्रकरणांचा, नोंदवलेल्या गुन्ह्यांचा नव्हे. इथे उत्तरं धडाधड चुकतात.

तिसरी गोष्ट, मुख्य गुन्ह्याचा नियम. एका एफआयआरमध्ये बलात्कार आणि खून दोन्ही असतील तर अहवालात एकच मोजला जातो, सर्वांत गंभीर शिक्षेचा. त्यामुळे काही गुन्हे तक्त्यात प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतात. शिवाय हे सगळे नोंदवलेले गुन्हे. एखाद्या राज्यात दर वाढला तर लोक ठाण्यात येऊ लागले आणि पोलीस नोंद घेऊ लागले असंही असेल. 'गुन्हे वाढले' असं लिहिण्याआधी ही शक्यता मांडलीच पाहिजे. परीक्षक ते पाहतात आणि अभ्यासाचा प्रामाणिकपणाही त्यातच आहे.

सिद्धान्त नावांनी नव्हे, प्रश्नांनी लावा. बेकारिया विचारतो शिक्षा कशी असावी, लोम्ब्रोसो विचारतो गुन्हेगार कसा असतो (त्याचं उत्तर पुढे टिकलं नाही), सदरलँड म्हणतो गुन्हा संगतीत शिकला जातो, मर्टन ध्येय आणि साधनं यातल्या दरीकडे बोट दाखवतो. हिर्शीचा प्रश्न उलटा आहे: बहुतेक माणसं गुन्हा का करत नाहीत? एकच घटना घ्या, समजा शहरातली मोटारसायकल चोरांची टोळी, आणि प्रत्येकाच्या नजरेतून चार ओळी लिहा. तेवढं जमलं की 'तुलना करा' हा प्रश्न सोपा जातो.

तुरुंगाच्या पेपरला 'प्रिझन स्टॅटिस्टिक्स इंडिया' घ्या. २०२२ च्या अहवालात देशातल्या ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी (खटल्याचा निकाल अजून न लागलेले) होते, म्हणजे सुमारे ७६ टक्के. हा आकडा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ शेजारी ठेवा: कमाल शिक्षेच्या निम्मा काळ काढलेल्या कच्च्या कैद्याची सुटका, पहिल्यांदाच गुन्हा असेल तर एक-तृतीयांश. मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही आणि एकापेक्षा जास्त प्रकरणं असतील तरी नाही. मग स्वतःला विचारा, ही तरतूद असूनही आकडा एवढा का. उत्तराची सुरुवात तिथून करा. आपल्याकडचं आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर जरूर वाचा. औंध संस्थानाच्या काळात मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने सुरू झालेली ती खुली वसाहत मिरजेपासून फार लांबही नाही.

जाहिरात_आधी

घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर देतो. पदवीचं नाव 'क्रिमिनल जस्टिस' आहे म्हणून फौजदारी क्षेत्रातली दारं आपोआप उघडतात, असं नाही. प्रत्येक पदाची पात्रता त्याच्या जाहिरातीत असते. मागच्या दोन जाहिराती आताच काढून ठेवा.

पीएसआय: एमपीएससीमार्फत, कोणत्याही शाखेची पदवी चालते, म्हणजे तुझीही. पण ही पदवी आहे म्हणून परीक्षेत वेगळी सवलत मिळत नाही. सामान्य अध्ययन, मराठी, इंग्रजी सगळ्यांना सारखंच. शारीरिक पात्रतेत उंची महिलांसाठी किमान १५७ सेंमी, पुरुषांसाठी १६५. ती आधी मोजून घे, कारण अभ्यासाने वाढत नाही. धावण्याचा सराव दुसऱ्या वर्षापासून.

फॉरेन्सिक लॅब: इथे स्पष्ट सांगतो, बारावी कला आणि बी.ए. यावर प्रयोगशाळेतलं वैज्ञानिक पद मिळत नाही. तिथे विज्ञानाची पदवी लागते आणि विभागाप्रमाणे रसायन, जीव, भौतिक असा विषय ठरतो. बारावी विज्ञानवाल्यांना मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत, शिवाय गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचं गोव्यातही केंद्र आहे. पैसे भरून तीन महिन्यांचा 'फॉरेन्सिक डिप्लोमा' करून लॅबमध्ये लागता येतं, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस.

सरकारी वकील किंवा न्यायाधीश: एलएलबी लागतेच. बी.ए. झाल्यावर सीईटी देऊन तीन वर्षांची. खुल्या प्रवर्गाला पदवीत किमान ४५ टक्के लागतात. दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला तीन वर्षांच्या वकिलीची अट सुप्रीम कोर्टाने २० मे २०२५ च्या निकालात पुन्हा आणली, त्यामुळे पदवीनंतर थेट न्यायाधीश हा हिशेब आता बसत नाही. तुझ्या विषयाचा खरा उपयोग इथे आहे. वर्गातल्या इतरांना प्रक्रिया कायदा नवा असतो, तुला तो पाठ असेल.

परिवीक्षा अधिकारी, बाल न्याय मंडळाशी जोडलेलं काम, कैद्यांच्या कायदेशीर मदतीचं काम यासाठी बी.ए.नंतर एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) किंवा क्रिमिनॉलॉजीत एम.ए. जास्त उपयोगी. यूजीसी-नेटमध्ये क्रिमिनॉलॉजी हा स्वतंत्र विषय आहे, म्हणजे शिकवण्याची वाटही आहे.

आत्ताच करण्यासारखं एक काम: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन पॅरा लीगल व्हॉलंटिअरच्या (लोकांना विधी सेवा मिळवून द्यायला मदत करणाऱ्या स्वयंसेवकाच्या) निवडीची चौकशी कर. प्रशिक्षण तेच देतात. लोकअदालत, मोफत वकिलाचा अर्ज, तुरुंगातलं विधी सहाय्य केंद्र हे सगळं जवळून पाहायला मिळतं. तुरुंगभेटीसाठी मात्र स्वतंत्रपणे जाऊ नकोस. महाविद्यालयाच्या लेटरहेडवर विद्यार्थ्यांची नावं, ओळखपत्र क्रमांक आणि भेटीचा हेतू लिहून विभागप्रमुखांमार्फत कारागृह विभागाकडे अर्ज करावा लागतो. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून सत्र सुरू होतानाच अर्ज टाका.